कल्हई (ठाणे व नवी मुंबई)

कल्हई : तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा पातळ थर चढविण्याची क्रिया, तसेच तो थर. भांडे नवे असताना कल्हई प्रथम होते. परंतु घरगुती व्यवहारात ती मुख्यतः दुरुस्तीच होय. थर झिजून खालचा लालसर वा पिवळा धातू उघडा पडला, की भांडे स्वयंपाकातून बाजूला काढतात आणि कल्हई करूनच पुन्हा चुलीवर ठेवतात. चकाकीसाठी केलेला मुलामा म्हणून तिच्याकडे पाहणे चुकीचे आहे. बंब, घंगाळ, हंडा, पूजेची उपकरणी यांना सामान्यतः कल्हई करीत नाहीत. पातेली, टोप, लंगडी, सट, डावले यांना, म्हणजे ज्यांत अन्न शिजते किंवा राहते त्यांनाच ती करतात. कासे हा धातू मुळातच तांबे व कथील यांचा असल्याने काशाच्या भांड्यांना ती लागत नाही.

ताक, चिंच, आमसूल, टोमॅटो यांतील आम्लांचा तांब्याशी संयोग होऊन क्षार तयार होतात. पदार्थ हिरवट पडतो, तोंडाला विचित्र लागतो, म्हणजेच कळकतो. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ व वांती होते. ठाण्याच्या खाडीकाठच्या स्वयंपाकात माशांच्या कालवणाला चिंच वा आमसूल लागतेच, म्हणून उडालेल्या कल्हईचे भांडे इथे फार दिवस खपत नाही.

इतिहास : धातूच्या भांड्यांना कथील लावण्याची युक्ती भारतात केव्हा आली, याबद्दल मतभेद आहेत. रोमन लेखक थोरला प्लिनी (मृत्यू इ. स. ७९) याने तांब्याच्या भांड्यांना असा लेप दिल्याने चव सुधारते व जंगाराचा (तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या थराचा) विषारी गुण आवरला जातो, असे नमूद केले आहे. त्याच शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांबे, कथील व शिसे यांची नोंद असून, ठाण्यापासून जवळच्या कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. यावरून पश्चिम किनाऱ्यावर रोमन काळापासूनच कल्हई होत असावी, असे अनुमान काही जण काढतात. मात्र कथील आयात होत होते एवढ्याने कल्हई सिद्ध होत नाही. कासे ओतण्यासाठीही कथील लागतेच, आणि भारतात त्याची खनिजे छत्तीसगढमधील बस्तर-दंतेवाडा भाग सोडला तर फारशी नाहीत.

उत्खननांत सापडणाऱ्या रुपेरी पृष्ठभागाच्या भांड्यांचा पुरावाही जपूनच वापरावा लागतो. कथिलाचे प्रमाण जास्त असलेले कासे ओतताना कथीलयुक्त द्रव पृष्ठभागाकडे सरकून तेथे रुपेरी थर धरतो. हा थर मुद्दाम चढविलेला की आपोआप आलेला, हे सूक्ष्मदर्शकाखाली छेद तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसऱ्या मतानुसार ही विद्या संपूर्ण देशी असून रसशास्त्राच्या, म्हणजे धातू व पारा यांपासून औषधे करण्याच्या शास्त्राच्या, परंपरेतून आलेली आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात वंगाचे, म्हणजे कथिलाचे, खुरक व मिश्रक असे दोन प्रकार सांगितले असून त्यांपैकी खुरक उत्तम मानला आहे. धातूची पारख त्या काळी सूक्ष्म होती, हे यावरून दिसते. तथापि रसशास्त्राचा रोख औषधी भस्मांवर आहे, स्वयंपाकाच्या भांड्यांवर नाही.

निःसंदिग्ध पुरावा सोळाव्या शतकाच्या अखेरचा आहे. अकबराच्या दरबारातील अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त शाही मुदपाकखान्यातील (स्वयंपाकघरातील) तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा, तर शाहजादे इत्यादींच्या भांड्यांना महिन्यातून एकदा कल्हई होत असल्याचे म्हटले आहे; फुटलेली भांडी तांबटांकडे देऊन त्यांतून नवी घडवीत. ज्या कामाची पाळी ठरलेली आहे ते तेव्हा नवखे नव्हते, हे उघड आहे. प्राच्यविद्या संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी कल्हईविषयक वाङ्मयीन उल्लेखांचा मागोवा घेतला आहे. एकूण पुरावा पाहता कथिलाची ओळख प्राचीन असली, तरी घरोघरच्या भांड्यांना कल्हई करण्याचा प्रघात मध्ययुगात, तांब्याच्या देगी (मोठी पातेली) वापरणाऱ्या दरबारी स्वयंपाकघरांच्या प्रभावाने पसरला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ठाण्यापुरते बोलायचे तर मार्को पोलोच्या वृत्तांतात (तेराव्या शतकाची अखेर) ठाणे बंदरातून कातडी व सुती कापड बाहेर जाते आणि सोने, चांदी, तांबे आत येते, असा उल्लेख आहे. कथिलाचे नाव त्यात नाही. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात तांबट व कासार हे कारागीर येतात. भांडे घडविणारा तांबट आणि कल्हई करणारा कल्हईगर यांचे धंदे वेगळे होत. कल्हईगर महाराष्ट्रात बहुधा मुसलमान असत. गावोगाव फिरून ते काम करीत.

प्रक्रिया : प्रथम भांड्यावरचा तेलकट थर व काजळी काढतात. पूर्वी यासाठी चिंच, वाळू, विटकरीचा भुगा वापरीत. मोठ्या देगीत कारागीर स्वतः उभा राहून पायांखालच्या वाळूवर कंबरेतून फिरत असे, आणि हा प्रकार पाहायला आळीतली पोरे जमत. आता कॉस्टिक सोडा किंवा पातळ केलेला तेजाब (आम्ल) वापरतात. पाणी निथळल्यावर भांडे कोळशाच्या भट्टीवर सांडशीने धरून सर्व बाजूंनी तापवितात. भट्टी म्हणजे जमिनीतला लहान खड्डा आणि त्याला जोडलेला चामडी भाता. पुढे भात्याची जागा हाताने फिरवायच्या पंख्याने आणि नंतर विजेच्या ब्लोअरने घेतली.

पुरेसे तापलेले भांडे कथिलाची कांडी टेकवून ओळखतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १,०८५ अंशांना. या दोहोंतील मोठ्या अंतरामुळेच हे काम उघड्या भट्टीवर शक्य होते. मग नवसागराची (अमोनियम क्लोराइड) पूड टाकतात. उष्णतेने नवसागराचे विघटन होऊन अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा खाऊन टाकतो आणि धातू उघडा व स्वच्छ होतो. वर आल्यावर थंड हवेत हे दोन वायू पुन्हा एकत्र येतात. कल्हईचा तो दाट, नाकाला झोंबणारा पांढरा धूर म्हणजे हाच पुन्हा जमलेला नवसागर. या क्षणी लावलेले कथील कापसाच्या बोळ्याने झपाट्याने सगळीकडे फिरवावे लागते. हात रेंगाळला तर ऑक्साइड पुन्हा धरतो आणि कथील मण्यांसारखे गोळा होते.

कथील तांब्यावर नुसते चिकटत नाही. दोहोंच्या सीमेवर त्यांची आंतरधातू संयुगे तयार होतात, म्हणून नखाने खरवडून कल्हई निघत नाही. शेवटी भांडे पाण्यात बुडवितात, त्यामुळे वितळलेले कथील तळाशी ओघळण्याआधी थिजते. हाताने केलेल्या कल्हईची जाडी फार तर काही शतांश मिलिमीटर असते. पितळेत जस्त असल्याने ते फार तापविले तर जस्ताची वाफ होऊ लागते; त्यामुळे पितळेला तांब्यापेक्षा बेताचीच आच देतात.

कथिलाविषयी एक गोष्ट अनेकदा सांगितली जाते : १३ अंशांखाली त्याचे भुकटीसारख्या करड्या रूपात रूपांतर होते. ते खरे आहे. परंतु प्रत्यक्षात त्यासाठी बऱ्याच अधिक थंडीत दीर्घ काळ जावा लागतो, आणि ठाण्यात तशी थंडी पडत नाही. काही महिन्यांनी कल्हई काळपट दिसू लागणे हा दोष नव्हे. मात्र भांडे कोरडेच विस्तवावर ठेवले, तर २३२ अंश गाठायला फार वेळ लागत नाही. उकळत्या पाण्यात किंवा आमटीत तापमान १०० अंशांच्या आसपास राहते, म्हणून ओले पदार्थ कल्हईला मानवतात. कडक फोडणी व तळण मानवत नाही, लोखंडी उलथने तर नाहीच.

भेसळ : खरा धोका कथिलात मिसळलेल्या शिशाचा. शिसे कथिलापेक्षा पुष्कळच स्वस्त असते. शिवाय सुमारे ६२ टक्के कथील व ३८ टक्के शिसे असे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते. ते लवकर पसरते, सफाईदार दिसते आणि कोळसाही वाचतो. म्हणजे वाईट कल्हई करणे चांगल्या कल्हईपेक्षा सोपे आहे, आणि नव्याने केलेली पाहून फरक कळत नाही. शिसे शरीरात साठत जाते, लहान मुलांना त्याचा अपाय अधिक. शुद्ध कथिलाची कांडी वाकविली की करकर असा आवाज येतो, शिशाच्या कांडीचा येत नाही. कारागिरांची ही जुनी पारख शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर आहे, कारण हा आवाज कथिलाच्या स्फटिकांच्या विशिष्ट विरूपणामुळे येतो. दारात बसून कल्हई करून घेण्याच्या पद्धतीत कांडी, नवसागर व भट्टी घरच्या बाईच्या डोळ्यांसमोर असत. भांडी दुकानात टाकून दुसऱ्या दिवशी आणण्याच्या पद्धतीत ही देखरेख गेली. तिचा विचार या विषयावरील लेखनात फारसा झालेला नाही.

अन्नभेसळ प्रतिबंध नियम, १९५५ यांनुसार नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवलेले अन्न माणसाच्या सेवनास अयोग्य समजले जाई. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील विनियमांतही ही तरतूद कायम राहिली.

आनुषंगिक दुरुस्त्या : गळक्या भांड्याला डाग देणे (मिश्रधातू वितळवून भोक बुजविणे), पोचे काढणे, निखळलेला कान वा कडी रिबीट मारून बसविणे ही कामेही कल्हईवाला किंवा तांबट करतो. डाग कल्हईच्या आधी द्यावा लागतो. तो ज्या मिश्रधातूने देतात त्याचा वितळणबिंदू कल्हईच्या आचेपेक्षा जास्त हवा, नाहीतर भट्टीवर डागच सुटतो. ठाण्याच्या जुन्या घरांतील पुष्कळ भांड्यांवर छिन्नीने घातलेली नावे आढळतात : देणाऱ्याचे नाव, लग्नाची वा मुंजीची तारीख. नाव घातलेले भांडे मोडीत घालायला हात धजत नाही, त्यामुळे वापर उरला नाही तरी त्याची कल्हई होत राहते. मात्र दरवेळच्या घासणीने अक्षरे पुसट होत जातात.

ठाणे शहरातील प्रथा : नौपाडा, चरई, उथळसर, चेंदणी या जुन्या वस्त्यांतील वाड्यांची व चाळींची अंगणे हे कल्हईचे स्वाभाविक स्थान. शहरात सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरची भट्टी पावसाळ्यात लागत नाही. त्यामुळे कामाचा मोसम दसऱ्यापासून सुरू होऊन दिवाळी, मग लग्नसराई असा चाले, आणि गणपतीसाठी लागणारी मोठी भांडी उन्हाळ्यातच उरकून ठेवावी लागत. एकीने भांडी काढली की आळीतल्या बाकीच्याही काढीत, म्हणजे भट्टी एकदाच पेटे. मजुरीचा दर नगावर नव्हे तर भांड्याच्या आकारावर, वितीने मोजून, ठरे. घासाघीस अर्थात होईच.

ऱ्हासाची कारणे सर्वत्र सारखीच आहेत : अॅल्युमिनियम, त्यानंतर स्टेनलेस स्टील (सेलमचा पोलाद कारखाना १९८० च्या दशकारंभी सुरू झाल्यावर देशी पत्रा उपलब्ध झाला), गॅसची शेगडी, प्रेशर कुकर. ठाण्यात त्यांत जागेच्या प्रश्नाची भर पडली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वागळे इस्टेटची वसाहत उभारली, लोकवस्ती वाढली, वाडे पाडून इमारती उठल्या. फरशी घातलेल्या आवारात खड्डा खणता येत नाही, आणि नवसागराचा धूर वरच्या मजल्यांना सोसत नाही. आता काम प्रामुख्याने जांभळी नाक्याच्या बाजारपेठेसारख्या जुन्या भागांतील भांड्यांच्या दुकानांमार्फत होते. अलीकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांची आवड पुन्हा वाढली आहे. मात्र तांब्याच्या बाटलीतील पाण्याचे गुण आणि कल्हई केलेल्या पातेल्याचे गुण यांची जाहिरातींतून सर्रास गल्लत होते. कल्हईनंतर अन्नाचा तांब्याशी संबंध येतच नाही.

नवी मुंबई : नवी मुंबई वसविणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १९७० ची. वाशी, नेरूळ आदी नोड (नियोजित उपनगरे) वसले तेव्हा बहुतेक घरांत स्टील आलेले होते, त्यामुळे नियोजित वसाहतींत कल्हईची परंपरा अशी नाही. ती आढळते घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे यांसारख्या मूळ आगरी-कोळी गावठाणांत, आणि तीही मुख्यतः लग्न व हळदीच्या जेवणावळींच्या मोठ्या भांड्यांपुरती. त्यांतही अॅल्युमिनियमचे टोप आता अधिक दिसतात.