नावघाट (विदर्भ) : अपघात व जबाबदारी

पूल नसलेल्या नदीवर भाडे घेऊन माणसे, सायकली व शेतमाल पलीकडे नेण्याचे ठिकाण. वैनगंगा, वर्धा, प्राणहिता व इंद्रावती यांच्या काठी असे घाट होते. पूल झाले तेथील बहुतेक बंद पडले. नावाडी मुख्यतः ढीवर, केवट व भोई समाजांतील. मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा आणि मिरची तोडणीचा हंगाम हे गर्दीचे दिवस.

मध्य प्रांतातील घाटांना १८७८ चा उत्तर हिंदुस्थान फेरी कायदा लागू होता. घाटाची वसुली लिलावाने ठेक्याने देता येई. नावांची संख्या व आकार, खलाशी, उतारू आणि जनावरे यांची मर्यादा ठरवणारे नियम करण्याचा अधिकार मात्र शासनाकडे होता. जबाबदारीच्या वादाचे मूळ येथेच आहे. एका मताने दोष नावाड्याचा, कारण नाव सोडायची की नाही हे तो ठरवतो. दुसऱ्या मताने तो ठेकेदाराचा व घाटावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचाही. भारतीय दंड संहितेचे कलम २८२ (आता भारतीय न्याय संहितेचे २८४) धोकादायक अवस्थेतील वा जादा भरलेल्या नावेतून भाड्याने माणसे नेणाऱ्याला आणि न्यायला लावणाऱ्यालाही दोषी धरते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मृत्यू ओढवल्यास निष्काळजीपणाचे वेगळे कलम लागते.

जादा भाराचा हिशेब असा. वीस फूट लांब, चार फूट रुंद, टोकांना निमुळती नाव दोन प्रौढांमागे सुमारे एक इंच पाण्यात बसते. रिकामी असताना नावेचा काठ पाण्यावर पंधरा इंच असेल, तर दहा जणांनी तो दहा इंचांवर आणि वीस जणांनी पाच इंचांवर येतो. पाच इंच उरले की बारा अंश कलताच पाणी आत शिरते. शिवाय तळात साचलेले पाणी कललेल्या बाजूलाच धावते आणि नाव सावरत नाही. म्हणून पोती आधी, मध्यभागी व तळाला. मग माणसे, तीही खाली बसवून. उभी माणसे भार वर नेतात. उतारू घाबरून एका बाजूला सरकले, हा बचाव चौकशीत नेहमी येतो. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेल्या रामदास बोटीच्या दुर्घटनेतही (मृत सहाशेहून अधिक) तो चर्चेत होता. परंतु भेदरलेली माणसे सरकणारच, हे धरूनच भार ठरवायचा असतो. बुडालेल्यांवर दोष टाकणे अन्यायाचे आहे.

वरूड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून एकाच नात्यागोत्यातील अकरा जण बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला निघालेल्या मजूर स्त्रियांची नाव वैनगंगेत उलटली. म्हणजे धोका केवळ पुराच्या दिवसांतला नाही. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या घाटांवर ओढ वाढते, तेव्हा विसर्गाची सूचना घाटापर्यंत पोचली होती का, हेही तपासावे लागते.

पंचनाम्यात उतारूंची संख्या, मालाचे वजन, काठाची उंची व गळती नोंदवणे आवश्यक असते. फळ्यांचे सांधे नाव बाहेर काढताच पाहावेत. लाकूड वाळले की ते आपोआप उघडतात आणि मूळची गळती ओळखता येत नाही.