डेटाबेसमध्ये फाइल साठवणे

रिलेशनल (म्हणजे माहिती तक्त्यांत मांडणाऱ्या) डेटाबेसच्या तक्त्यातील एखाद्या रकान्यात छायाचित्र, पीडीएफ किंवा स्कॅनचे बाइट जसेच्या तसे ठेवण्याची पद्धत. अशा रकान्याला सर्वसाधारणपणे ‘ब्लॉब’ म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तोच ‘बाइटए’.

प्रोग्राममधून फाइल आत घालताना तिचे बाइट क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या, मजकुरात चिकटवू नयेत. अवतरणचिन्हाचा बाइट मध्येच कुठेही येतो आणि क्वेरी मोडते. क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून बाइट पॅरामीटर म्हणून, म्हणजे त्या प्रश्नचिन्हाच्या जागी जाणारे मूल्य म्हणून, वेगळे द्यावेत. बाइटांचे साध्या अक्षरांत रूपांतर (बेस-६४) करून मजकुराच्या रकान्यात टाकणारेही आहेत. त्यांची फाइल एक तृतीयांशाने फुगते, बाकी फायदा नाही.

खरी गोम रकान्याच्या मापात आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या साध्या ‘ब्लॉब’मध्ये ६५,५३५ बाइटच मावतात, ‘मीडियमब्लॉब’मध्ये १६ एमबी, ‘लाँगब्लॉब’मध्ये ४ जीबी. समजा, गोव्यात फोंड्याच्या एखाद्या देवस्थानासाठी महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी करायची आहे. ४० केबीचे पासपोर्ट फोटो बिनबोभाट बसतात. मग कोणीतरी ९० केबीचा फोटो चढवतो. न बसणारी माहिती नाकारणारा ‘स्ट्रिक्ट मोड’ बंद असेल तर मायएसक्यूएल केवळ इशारा देऊन उरलेले बाइट कापते. पडद्यावर महाजनांचे कपाळ आणि डोळे दिसतात, नाकाखाली करडा पट्टा. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपासून हा मोड मुळातच चालू असतो, त्यामुळे आता निदान एरर तरी येते.

फाइल डिस्कवर आणि तक्त्यात फक्त तिचा पत्ता, हा दुसरा मार्ग. त्यात धोका असा, की एक-चौदाच्या उताऱ्याचा (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा) स्कॅन कोणी फोल्डर आवरताना हलवला तर तक्त्यातली नोंद पोरकी होते. ब्लॉब असेल तर नोंद आणि फाइल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होणाऱ्या व्यवहारात) टिकतात वा रद्द होतात, बॅकअपही एकच. मात्र तो बॅकअप भराभर वाढतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या २००६ च्या अभ्यासात २५६ केबीखालच्या फाइलींना डेटाबेस आणि १ एमबीवरच्यांना फाइल सिस्टिम सरस ठरली होती. तो अभ्यास त्या काळच्या एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) यांवरचा. आजही अंदाजाला पुरतो. एसक्यूएल सर्व्हर २००८ मधील ‘फाइलस्ट्रीम’ने मधली वाट काढली: बाइट डिस्कवर, ट्रान्झॅक्शन डेटाबेसचे.

ब्लॉबसाठी वेगळा तक्ता करणे बरे. नाहीतर महाजनांची नुसती नावे हवी असताना ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे रकाने मागणारी क्वेरी) लिहिणारा सगळ्यांचे फोटोही ओढून आणतो.