झरियाची आग आकाशातून कशी मोजली जाते?

झारखंडमधल्या धनबाद जिल्ह्यात झरिया कोळसाक्षेत्र सुमारे ४५० चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. पोलाद कारखान्यांना लागणारा उत्तम प्रतीचा कोकिंग कोळसा देशात प्रामुख्याने इथेच सापडतो, आणि तो शंभरहून अधिक वर्षं जमिनीखाली जळतो आहे. आगीची पहिली नोंद १९१६ सालची, भौरा खाणीतली.

कोळशाला हवा लागली की तो हळूहळू तापतो. उष्णता बाहेर पडायला वाट नसेल तर आपोआप पेट घेतो. खाजगी मालकांच्या काळात कोळसा उपसून झाल्यावर पोकळीत वाळू भरण्याचा खर्च अनेकदा टाळला गेला. वरचं छत खचलं, भेगा पडल्या, भेगांतून हवा आत गेली. झरियात कोळशाचे जाड थर एकावर एक, जवळजवळ आहेत, म्हणून एका थरातली आग शेजारच्या थरात सहज पोचते. १९७१-७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि भारत कोकिंग कोल लिमिटेडने पाहणी केली, तेव्हा १७.३२ चौरस किलोमीटरवर ७० आगी नोंदल्या गेल्या.

आगीचा माग तेव्हा जमिनीवरूनच काढावा लागे: भोकं पाडून आत तापमापक सोडायचे, बाहेर येणाऱ्या वायूंचे नमुने तपासायचे. एवढ्या मोठ्या क्षेत्राचं चित्र त्यातून एकाच वेळी मिळणं शक्य नव्हतं.

वरून पाहण्याचा प्रयत्न आधी अमेरिकेत झाला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या जळत्या खाणींवरून विमानातून औष्णिक अवरक्त चित्रण, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचं चित्रण, करण्यात आलं. पुढे १९८२ मध्ये लँडसॅट-४ आणि १९८४ मध्ये लँडसॅट-५ हे जमिनीची चित्रं घेणारे अमेरिकी उपग्रह अवकाशात गेले. त्यांच्यावरच्या थिमॅटिक मॅपर उपकरणात १०.४ ते १२.५ मायक्रोमीटर तरंगलांबीची उष्णता टिपणारा एक औष्णिक पट्टा (बँड) होता. साध्या तापमानाची जमीन साधारण याच तरंगलांब्यांत सर्वाधिक उष्णता बाहेर टाकते. १९९०च्या दशकात भारतीय संशोधकांनी ही चित्रं आणि पहाटेपूर्वी विमानातून घेतलेली औष्णिक चित्रं झरियासाठी वापरली. पहाटेची वेळ मुद्दाम निवडलेली असते. दुपारी काळा कोळसा आणि उघडा खडक उन्हानेच इतके तापतात की आगीची उष्णता वेगळी ओळखणं अवघड होतं.

अडचण इथे संपत नाही. लँडसॅट-५ चा औष्णिक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, १२० मीटर बाजूचा, म्हणजे साडेतीन एकरांहून थोडा मोठा. दोन-तीन मीटर रुंदीची धगधगती भेग त्यात आली, तरी आजूबाजूची थंड जमीन त्या पिक्सेलचं सरासरी तापमान खाली ओढते. लँडसॅट-७ ने हा आकार ६० मीटरवर आणला आणि टेरा उपग्रहावरच्या ॲस्टर उपकरणाने ९० मीटरचे पाच औष्णिक पट्टे दिले. पण उपग्रहाला दिसतो तो पृष्ठभागच. खडकातून उष्णता फार सावकाश सरकते. तीसेक मीटर पार करायला तिला दशकं लागू शकतात. वर जी ऊब जाणवते, तिचा बराच भाग भेगांतून येणाऱ्या तप्त वायूंचा असतो. खोल आणि भेगा नसलेली आग नकाशावर येतच नाही, हे वाचकाने कायम लक्षात ठेवायला हवं.

२००१ मध्ये जर्मनीचा बर्ड हा छोटा उपग्रह श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ ने सोडला गेला. आगीसारखे तप्त बिंदू शोधण्यासाठीच तो बनवला होता, आणि चीनमधल्या कोळशाच्या आगींच्या अभ्यासातही तो वापरला गेला.

आपल्याकडे २००९ मध्ये झरियाच्या पुनर्वसनाचा मास्टर प्लॅन मंजूर झाला आणि आगीच्या नकाशाला वेगळंच वजन आलं. कुणाची वस्ती हलवायची, हा प्रश्न आता त्याच्याशी जोडला गेला. जून २०१७ मध्ये आगीच्या धोक्यामुळे धनबाद-चंद्रपुरा लोहमार्ग बंद झाला (हे चंद्रपुरा झारखंडमधलं, आपलं चंद्रपूर नव्हे) आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या अभ्यासांचा हवाला देऊन सरकार सांगतं की आगीचं क्षेत्र ८.९ चौरस किलोमीटरवरून १.८० वर आलं.

ही घट खरी असू शकते. जळता कोळसा खुल्या खाणीतून उपसून काढला की आगीचं इंधनच संपतं. मात्र पृष्ठभागावर माती पसरून भेगा बुजवल्या तरी औष्णिक चित्र थंड दिसतं, आणि खाली आग सुरू असू शकते. म्हणून मला ८.९ आणि १.८० हे आकडे पृष्ठभागावरच्या उष्णतेचे वाटतात, जमिनीखालच्या आगीचे नव्हेत. हजारो कुटुंबांच्या घरांचा निर्णय अशा आकड्यावर घेताना त्याला भोकांतल्या तापमानाची आणि जमीन किती खचली हे मिलिमीटरमध्ये सांगणाऱ्या रडार मोजणीची जोड असलीच पाहिजे. इस्रो आणि फ्रान्सची अवकाशसंस्था मिळून बनवत असलेल्या तृष्णा मोहिमेतून सुमारे ६० मीटरची औष्णिक चित्रं रात्रीही आणि काही दिवसांच्या अंतराने मिळणं अपेक्षित आहे. झरियासाठी त्यातली रात्रीची चित्रं सर्वांत उपयोगी ठरतील.