झाडलेल्या पुंगळ्यांची तपासणी

काडतूस झाडल्यावर बाहेर पडणाऱ्या रिकाम्या पितळी पुंगळीवरच्या खुणा पाहून दारूचे प्रमाण, आतला दाब आणि पिस्तुलाचे काम यांत काही बिघाड आहे का, हे ताडण्याची पद्धत. हाताने भरलेल्या पिस्तूल काडतुसांची चाचणी घेताना ती वापरतात. हातभरणीचा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिथले नेमबाज वापरलेली पुंगळी साच्यातून काढून मापात आणतात आणि तिच्यात नवी प्राइमर टोपी (ठोका बसताच दारू पेटवणारी), मोजलेली दारू व नवी गोळी बसवतात. भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवाना लागतो.

पुंगळीचे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. बार होताच पुंगळीची भिंत फुगून चेंबरला (नळीतल्या काडतूस बसण्याच्या पोकळीला) घट्ट बसते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब ओसरला की ती किंचित आकसून सुटते. एवढ्या क्षणात चेंबरचा, ब्रीचचा (पुंगळीच्या बुडामागच्या पोलादी भागाचा) आणि फायरिंग पिनचा (टोपीवर आपटणाऱ्या खिळ्याचा) ठसा पितळावर उमटून राहतो.

पहिली नजर जाते बुडाच्या मधोमध असलेल्या प्राइमर टोपीवर. चांगल्या टोपीची कड गोलसर राहते आणि तिच्याभोवती बारीक खाच दिसते. दाब जास्त झाला की टोपी चपटी होऊन ही खाच भरून जाते. पिनच्या खड्ड्याभोवती उंचवटा उठणे, टोपीला भोक पडणे, टोपीच्या कडेने काळा धूर निसटलेला दिसणे, टोपी खोबणीत सैल होणे या पुढच्या खुणा. शेवटच्या दोन दिसल्या तर तो भार, म्हणजे दारूचे ते प्रमाण, तिथेच थांबवावा. उंचवट्याबाबत मात्र घाई नको. ब्रीचमधले पिनचे छिद्र मोठे असले तरी तो उठतो. नळी खाली झुकून कुलूप सोडणाऱ्या ब्राउनिंग धर्तीच्या पिस्तुलांत पिनचा ओरखडा खड्ड्याबाहेर लांबलेला दिसतो, तोही बहुतेक वेळा नेहमीचाच असतो.

पिस्तुलाच्या बाबतीत टोपीवर फार विसंबता येत नाही. अमेरिकेतील सामी ही मानक संस्था (स्थापना १९२६) पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसासाठी कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड धरते, तर पॉइंट ३५७ मॅग्नमसाठी ३५,०००. दोन्हींना एकाच मापाची टोपी बसते. म्हणजे पॉइंट ३८ मध्ये दाब मर्यादेच्या दुप्पट झाला, तरी टोपी अगदी निरोगी दिसू शकते. पॉइंट ४५ एसीपीची मर्यादा २१,०००, तिथेही हेच. ९ मिमी लुगरची मर्यादा ३५,००० आहे, तरी रायफलच्या साठ हजारांच्या आसपासच्या दाबापुढे ती कमीच. रायफलवाल्यांकडून शिकलेल्या खुणा पिस्तुलाला जशाच्या तशा लावणे धोक्याचे आहे. बिघडलेली पुंगळी ‘थांबा’ असे नक्की सांगते. स्वच्छ पुंगळीवरून मात्र भार सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही.

बुडाच्या जरा वर, पितळाची भिंत पातळ होते तिथे, एका बाजूला फुगवटा आलेला दिसतो. गोळी चढण्याच्या उतारापाशी चेंबर पुंगळीला पुरता आधार देत नसेल, तर दाबाने पितळ तिथून बाहेर रेटले जाते. अमेरिकी नेमबाज या चंद्रकोरीसारख्या फुगवट्याला ग्लॉक पिस्तुलांवरून ‘ग्लॉक स्माइल’ म्हणतात. पुंगळी दोन बोटांत धरून सावकाश फिरवली तर नजरेआधी नखाला तो लागतो. अशी पुंगळी साच्यातून काढून सरळ दिसू लागली तरी तिथले पितळ एकदा ताणले गेलेले असते. ती टाकून द्यावी.

उलट भार हलका असेल तर भिंत चेंबरला नीट बसत नाही आणि बाहेरून काजळी धरते. पॉइंट ४५ च्या मंद भारात हे नेहमी दिसते. त्यात धोका फारसा नसतो, पण दारू कमी पडल्याची ती खूण आहे. पुंगळी जेमतेम हातभर लांब पडणे हीही तशीच.

गोळी बसते त्या तोंडाशी उभी चीर पडते ती बहुधा जुनेपणाने. तोंड दर भरणीत रुंदावून पुन्हा आवळावे लागते आणि त्याने पितळ कडक होत जाते. पितळाच्या चिरांचा एक जुना धडा भारतातला आहे. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि थंड ओढकामात (न तापवता ओढून आकार देताना) पितळात राहिलेला ताण यांचा हा परिणाम असल्याचे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. म्हणून पुंगळ्या धुताना अमोनियायुक्त द्रावण टाळतात.

चाचणीची शिस्त साधी आहे. छापील तक्त्यातल्या सर्वात कमी भारापासून सुरुवात करावी, प्रत्येक भाराची पाच-दहाच काडतुसे भरावीत, बुडावर मार्करने खूण करावी आणि पुंगळ्या वेगळ्या पिशव्यांत ठेवाव्यात. त्याच पिस्तुलातून झाडलेली कारखान्याच्या काडतुसाची पुंगळी शेजारी ठेवली, तर तुलनेला खरा आधार मिळतो. सोबत गोळीचा वेगमापक असलाच पाहिजे. तक्त्यापेक्षा वेग जास्त येत असेल तर पुंगळी कितीही देखणी असो, भार उतरवावा.

काही चुका झाडण्याआधीच पकडाव्या लागतात. जलद जळणारी दारू अनेकदा पुंगळीचा निम्माही भाग भरत नाही, त्यामुळे चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी ट्रेमधल्या प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहावे. बार फुसका वाटला, तर मात्र पुंगळी पाहत बसू नये. पिस्तूल रिकामे करून नळी तपासावी. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते.