गोदावरीची खचदरी आणि गंगेचं मैदान: जमीन खचली, पण कशामुळे?

चंद्रपूर-सिरोंच्याकडचं प्राणहिता-गोदावरी खोरं आणि उत्तरेतलं गंगेचं मैदान. दोन्हीकडे गाळाचे थर काही किलोमीटर जाडीचे, दोन्हीकडे मोठ्या नद्या. म्हणून दोन्हींची जन्मकथा एकच धरली जाते: नदीने गाळ आणला, साचला, झालं. पण नदी फक्त गाळ आणते. एवढी जाडी साचायची तर खालची जमीन खचत राहावी लागते, आणि ती इथे अगदी उलट कारणांनी खचली आहे.

गोदावरीकडे ती ताणामुळे खचली. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी, भारत गोंडवना या प्राचीन महाखंडाचा भाग असताना, पृथ्वीचं कवच ताणलं गेलं आणि वायव्य-आग्नेय दिशेच्या प्रस्तरभंगांमधला (ज्या भेगांवरून खडक सरकतात त्यांच्यामधला) पट्टा खाली सरकला. ही खचदरी. तिच्या तळाशी हिमनद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे आहेत. चंद्रपूरजवळ इरईला तर चुनखडकावर बर्फाने घासून काढलेले ओरखडे दिसतात! त्याच्या वर बल्लारपूर, घुग्घुस, वणीचा दगडी कोळसा. मला हा कोळसाच सर्वांत बोलका पुरावा वाटतो. जमीन खचायची थांबली तर दलदलीतला पालापाचोळा उघड्यावर कुजून जातो. फार झपाट्याने खचली तर दलदल बुडून तळं होतं. जाड थर म्हणजे खचणं आणि साचणं दीर्घकाळ जोडीने चाललं. त्याहून वरच्या, कोटा नावाच्या खडकथरांत बारापासॉरस या डायनोसॉरची हाडं सापडली.

गंगेकडे ताण नाही, भार आहे. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट (कवचाचा सरकता प्रचंड तुकडा) आशियाला भिडला, आणि उभ्या राहणाऱ्या हिमालयाच्या ओझ्याने तो वाकला. फळीच्या टोकाला वजन ठेवल्यावर ती वाकते तसा. म्हणून बुंदेलखंडाच्या कडेला गाळ पातळ आहे आणि पायथ्याकडे जाताना जाड होत जातो.

फसायला होतं ते इथेच. खचदरीतही गाळ बऱ्याचदा एका कडेला जास्त जाड असतो, कारण एका बाजूचा प्रस्तरभंग अधिक सरकतो. तेव्हा नुसती जाडी पाहून निदान करू नये, कड पाहावी. खचदरीच्या कडेला आतला भाग खाली घसरलेला असतो. हिमालयाच्या कडेला उलट, डोंगराकडचे खडक मैदानाच्या गाळावर चढलेले असतात. हरिद्वारची शिवालिक टेकडी म्हणजे या द्रोणीचाच, म्हणजे वाकून झालेल्या खोलगट भागाचाच, जुना गाळ, घड्या पडून वर उचललेला. पर्वत पुढे सरकतो आणि आपल्याच पुढ्यातला गाळ स्वतःत ओढून घेतो. खचदरीत असं काही घडत नाही.

गंगेची द्रोणी आजही घडते आहे. हिमालयात भारत आणि आशिया दरवर्षी सुमारे 2 सेंटिमीटरने जवळ येतात. 1934 चा बिहार-नेपाळ भूकंप त्याच रेट्याचा. गोदावरीची खचदरी मात्र केव्हाच भरून झाली, तरी तिला पूर्ण निपचित समजू नये: 1969 मध्ये भद्राचलमला 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला तो याच पट्ट्यात.