५०% + २०% म्हणजे ७०% नाही: सेलच्या पाट्यांमागची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात मावशीबरोबर लक्ष्मी रोडला सेलमधे साड्या बघायला गेले होते. दुकानाच्या काचेवर मोठ्ठं लिहिलेलं, ५०% + २०% सूट, आणि मावशी पायरी चढता चढताच म्हणाली, "अगं सत्तर टक्के आहे, चल लवकर." २४०० चं लेबल असलेली एक साडी तिला आवडली, मनात तिने ७२० धरले आणि बिल झालं ९६०. काउंटरवरच्या मुलाने कॅल्क्युलेटर फिरवून दाखवला, २४०० चे निम्मे १२००, मग त्या १२०० वर वीस टक्के, म्हणजे एकूण सूट साठच टक्के. मावशी जरा हिरमुसली पण साडी घेतलीच, म्हणाली, "तरी चौदाशे चाळीस वाचले ना!"

हे 'वाचले' मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण ती साडी २४०० ला कधी कोणी घेतली होती का, हे आम्ही दोघींनी विचारलंच नाही, लेबलवर आकडा होता म्हणून तो खरा.

पूर्वी असा छापील आकडा नसायचाच. तुळशीबागेत आजही बऱ्याच ठिकाणी जुनी पद्धत चालते, विकणारा तीनशे म्हणतो, आपण दीडशे म्हणायचं, दोन पावलं पुढे जायचं, मागून हाक येते आणि दोनशेला सौदा होतो. इथे सूट मागून, बोलून, घासाघीस करून मिळते आणि जिला भाव करता येतो तिला जास्त मिळते. याच्या बरोब्बर उलटी 'एकच भाव'ची पाटी. पॅरिसच्या बॉन मार्शे दुकानात १८५२ पासून ठरलेल्या किमतीची पद्धत रुजली आणि मग ती मोठ्या दुकानांमधून जगभर गेली. किंमत लिहिली गेली आणि मगच ती खोडता यायला लागली, म्हणजे आज आपण ज्याला डिस्काउंट म्हणतो त्याची सुरुवात तिथे आहे असं मला वाटतं. कूपनही त्याच काळातलं, अमेरिकेत १८८० च्या दशकाच्या शेवटी कोका-कोलाने एक ग्लास फुकटची कूपनं वाटली होती.

आपल्याकडे आधीच्या पिढीला सूट म्हटलं की आठवतं ते खादीचं रिबेट. गांधी जयंती आली की खादी भांडारात गर्दी, लोक शर्टाचं कापड, चादरी त्यासाठी थांबवून ठेवायचे. ती सूट सरकार भरून द्यायचं आणि दर वर्षी ठरलेल्या वेळी यायची, त्यामुळे तिच्याबद्दल कोणाला शंका नसायची.

मोठा बदल झाला १९९० मधे. तोपर्यंत पाकिटांवर किंमत आणि पुढे 'स्थानिक कर वेगळे' असं लिहायची मुभा होती, आणि कराच्या नावाखाली दुकानदार वाटेल तेवढं जोडायचे. म्हणून नियम बदलून सगळ्या करांसकट एकच कमाल किंमत, म्हणजे एमआरपी, छापणं बंधनकारक झालं. नियम गिऱ्हाइकाच्या संरक्षणासाठी होता आणि तो चांगलाच होता, पण त्यामुळे पाकिटबंद वस्तूवर एक अधिकृत मोठा आकडा आला आणि त्याच्या खाली दिलेलं काहीही स्वस्त वाटायला लागलं. मग २००६ च्या २६ जानेवारीला बिग बझारने 'सबसे सस्ता दिन' आणला, आणि ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा बिग बिलियन डे, ज्याच्यानंतर किमती बदलल्याच्या आणि ऑर्डरी रद्द झाल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की कंपनीच्या संस्थापकांनी गिऱ्हाइकांची माफी मागितली.

आपल्या डोक्यात काय चालतं यावर अभ्यासही जुना आहे. टवर्स्की आणि काह्नेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मधे लोकांना विचारलं, १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर दुसऱ्या दुकानात १० ला मिळतोय, वीस मिनिटं गाडी चालवून जाल का? ६८ टक्के हो म्हणाले. तेच पाच डॉलर १२५ च्या कॅल्क्युलेटरवर वाचत असले तर फक्त २९ टक्के. म्हणजे आपण पैसे मोजत नाही, मूळ किमतीतला हिस्सा मोजतो. तीनशेच्या चपलेवर शंभर सुटतात म्हणून आपण कोथरूडहून ट्रॅफिकमधून मंडईपर्यंत येऊ पण बारा हजारच्या मिक्सरवर शंभर सुटले तर कोणी हलणार नाही, शंभराची नोट तीच असली तरी.

'त्याच किमतीत ५०% जास्त माल' आणि '३३% सूट' याचं तसंच. दर किलोला दोन्हीत जवळपास सारखंच पडतं, पण पन्नास मोठे दिसतात. २०१२ मधे छापून आलेल्या एका अमेरिकन प्रयोगात हँड लोशन जास्त माल देऊन विकलं तेव्हा, तेवढ्याच किमतीची सूट दिली होती त्यापेक्षा ७३ टक्के जास्त खपलं. आणि 'तीनवर एक फ्री' म्हणजे पंचवीस टक्केच, तेही चार साबण लागत असतील तरच. फ्री या शब्दापुढे हिशोब मागे पडतो.

उलटंही करून बघितलंय. जेसी पेनी या अमेरिकन दुकानसाखळीने २०१२ मधे कूपनं आणि सेल काढून रोजच कमी भाव ठेवला, वर्षभरात विक्री सुमारे पाव भागाने पडली आणि कंपनीच्या मुख्य साहेबांना २०१३ मधे जावं लागलं. भाव खरे होते, पण लोकांना वाचल्याचा आनंद मिळेना.

कायदा मागून चालतो. आपल्याकडे १९८४ मधे मक्तेदारी कायद्यात बदल होऊन, खोट्या स्वस्ताईच्या जाहिराती आणि बक्षिसाच्या नावाखाली किंमत वसूल करणं अनुचित ठरवलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि नोव्हेंबर २०२३ मधे ऑनलाइन फसव्या रचनांबद्दल, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटवर गिऱ्हाइकाला चकवणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं निघाली, तेरा प्रकार सांगितलेत. मावशीच्या फोनवर साड्यांच्या अ‍ॅपमधे 'फक्त २ शिल्लक, घाई करा' येतं आणि ती मला लगेच फोन करते. असं खोटंच सांगून घाई लावणं त्या यादीत पहिल्याच नंबरला आहे, मी तिला ते वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी तिने ऑर्डर न करता फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी तिथे अजूनही २ च शिल्लक होत्या.