स्पीकरची वायर: जाडी मोजा, टोकं जपा

स्पीकरच्या मागची क्लिप दाबून वायर बाहेर काढा आणि टोक उजेडात धरा. मिरामार, बायणा किंवा कोलव्यासारख्या ठिकाणी, समुद्राजवळच्या घरात काही पावसाळे काढलेली वायर असेल तर तांबूस चमक गेलेली दिसेल. तारा काळपट, मधूनच हिरव्या. देवघरातल्या तांब्यावर चढतं तेच हे जंगाल. खाऱ्या दमट हवेतलं क्लोराइड तांब्याला खातं आणि त्या थरातून वीज नीट वाहत नाही. आवाज मध्येच जातो, क्लिप हलवली की परत येतो. दोष बहुतेक वेळा या टोकाचा असतो, आणि लोक ॲम्प्लिफायर दुरुस्तीला नेतात.

टोक १०-१५ सेंटिमीटर कापून पाहा. आत स्वच्छ तांबं लागलं तर तीच वायर चालेल. हिरवटपणा आवरणाखाली आणखी आत गेला असेल तर मात्र पूर्ण वायर बदला.

नवी घेताना पाहायची ती जाडी. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२३ ओहम असतो. स्पीकर १० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे ०.४६ ओहम. वायरचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा साधा हिशेब आहे. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४, म्हणजे ही वायर बारीक पडली. शिवाय ८ ओहम हा ठोकळ आकडा. स्पीकरचा रोध सुरागणिक बदलतो, त्यामुळे बारीक वायर काही सूर जास्त दाबते, काही कमी. तेवढ्याच अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची वायर ०.१४ ओहमवर राहते आणि ४ ओहमच्या स्पीकरलाही पुरते. ३-४ मीटरला १.५ भरपूर झाली.

ऑक्सिजनमुक्त तांब्यासाठी जास्त पैसे देऊ नका, वहनात फरक जेमतेम एखाद्या टक्क्याचा. फसगत होते ती दुसरीकडे: तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. तिला तोच रोध मिळवायला साधारण दीडपट जाडी लागते. बाहेरून रुपेरी आणि आतून लाल निघाली तर ते कल्हईचं तांबं. समुद्रकाठी तेच सर्वांत टिकतं, होड्यांतही तेच वापरतात.

जोडताना ॲम्प्लिफायरचा प्लग भिंतीतून काढा. आवरण १०-१२ मिलिमीटर सोला, तारा घट्ट पिळा. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डरचं शिसं लावू नका. ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल पडतो. स्क्रूचे बनाना प्लग, म्हणजे वायरच्या टोकावर बसणाऱ्या धातूच्या पिना, लावले तर टोक झाकलं जातं आणि हवा कमी लागते.

वायरवरची रेघ दोन्ही टोकांना लालकडेच जाऊ द्या. एका स्पीकरला उलट लागली तर पडदे एकमेकांविरुद्ध हलतात आणि ढोलकीचा खर्ज नाहीसा होतो. शंका असल्यास ॲम्प्लिफायरकडचं टोक मोकळं ठेवून त्याला १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा, धन बाजू रेघेच्या तारेला. पडदा बाहेर आला की जोडणी बरोबर.

मग त्याच टोकाला मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ ओहम दिसले पाहिजेत. शून्याच्या आसपास आकडा आला तर एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली आहे. ती शोधल्याशिवाय ॲम्प्लिफायर जोडू नका, त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जळू शकतात.

स्क्रू मात्र दर वर्षी चवथीच्या साफसफाईत एकदा आवळून घ्या.